गाळातला माल कुणाचा, विष कुणाच्या वाट्याला?

आपल्या वस्तीत रंगाचा रिकामा डबा कधी फुकट जात नाही. वीस लिटरची प्लास्टिकची बादली मोरीत जाते, पत्र्याचा डबा भंगारवाल्याकडे जातो, निळे पिंप दारापुढे पाणी साठवायला उभे राहते. कारखान्यातून निघालेला गढूळ थिनर दोन दिवस निवळत ठेवला की वरचे पाणी स्वच्छ दिसते आणि ते पुन्हा विकले जाते. डब्याला चिकटलेला रंग खरवडला की पत्र्याला भाव चांगला येतो. शहर ज्याला कचरा म्हणते त्यात किती माल उरलेला असतो, हे आपल्या लोकांना कुणी शिकवावे लागत नाही.

पण हा माल काढताना अंगात काय शिरते, हे मात्र कुणी सांगत नाही. म्हणून या वेळी आरोग्याच्या पानावर रंगाच्या कचऱ्याबद्दल लिहितो आहोत. आमचे म्हणणे थोडक्यात असे: या कचऱ्यातून माल काढलाच पाहिजे. तो पुरणे किंवा जाळणे ही नासाडी आहे. पण तो बंद यंत्रात, परवाना असलेल्या जागी, पुरेशा मजुरीवर आणि आरोग्याच्या हमीवर काढला पाहिजे. आज तो बऱ्याच ठिकाणी आपल्या बायाबापड्यांच्या फुप्फुसांतून गाळून काढला जातो. ते थांबले पाहिजे.

कचऱ्यात असते काय?

मोटारी, कपाटे, पंखे, यंत्रांचे सुटे भाग यांना कारखान्यात स्प्रे गनने रंग मारतात. साध्या हवेच्या गनने मारलेला सगळा रंग वस्तूवर बसत नाही. कित्येकदा निम्मा किंवा त्याहूनही जास्त रंग हवेत उडतो. मोठ्या कारखान्यात हा उडालेला रंग पाण्याच्या पडद्यात पकडतात. त्याचा चिकट गाळ बनतो. याला कारखान्यात स्लज म्हणतात. त्यात पाणी असते, न वाळलेले राळ असते, थिनर असतो, खडूसारखी भुकटी असते आणि रंगद्रव्य असते.

या रंगद्रव्यांत सगळ्यात मोलाचे म्हणजे टायटॅनियम डायऑक्साइड. रंगाला पांढरेपणा आणि झाकण्याची ताकद त्याच्यामुळे येते. ते इल्मेनाइट नावाच्या खनिजापासून करतात. केरळ, तामिळनाडू, ओडिशाच्या किनाऱ्यावरच्या आणि आपल्या रत्नागिरीकडच्याही काळ्या वाळूत हे खनिज सापडते. वाळू उपसायची, खनिज वेगळे करायचे, रसायनांत शिजवायचे, एवढा खटाटोप करून मिळालेली ही पांढरी भुकटी गाळाबरोबर फेकून देणे शहाणपणाचे नाही. म्हणून काही कारखाने हा गाळ धुऊन, ताज्या द्रावकात कालवून, दळून, चाळून त्यापासून पुन्हा रंग किंवा प्रायमर तयार करतात. तो मोटारीच्या बाहेरच्या अंगाला शोभणारा नसतो, पण लोखंडाला आतून लावायला चालतो.

थिनरचे तसेच. रंग पातळ करायला आणि गन धुवायला वापरलेला थिनर मळतो, पण संपत नाही. तो बंद भांड्यात तापवला की त्याची वाफ होते, ती वाफ थंड केली की पुन्हा थिनर मिळतो. गावाकडे हातभट्टी पाहिलेल्यांना ही रीत लगेच कळेल. फरक एवढाच की थिनरची वाफ पेट घेते आणि विषारी असते, त्यामुळे यंत्राला कुठेही गळती चालत नाही. असा परत मिळवलेला थिनर निदान गन आणि नळ्या धुवायला तरी नक्की उपयोगी पडतो. तळाशी उरतो तो गाळ मात्र घातकच राहतो.

पावडर कोटिंगमध्ये काम याहून सोपे असते. तिथे रंग कोरडी भुकटी म्हणून उडतो. ती यंत्राने ओढून, चाळून पुन्हा वापरता येते आणि थिनर लागतच नाही. म्हणजे रीतसर करायचे ठरवले तर वाट आहे. प्रश्न आहे तो ती वाट सोडून कचरा गुपचूप आडवाटेने वस्तीत येतो त्याचा.

तेच अंगात गेले तर

पहिले विष थिनरचे. त्यात टोल्युइन, झायलिन अशी द्रव्ये असतात. हलक्या दर्जाच्या मालात बेंझिनही असू शकते. वासाने डोके दुखते, गरगरते, मळमळते, नशा चढल्यासारखे वाटते. रोजच वास घेतला तर मज्जातंतू आणि मूत्रपिंड बिघडतात. बेंझिनमुळे रक्ताचा कर्करोग होतो, हे सिद्ध झालेले आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने तर रंगाऱ्याचे कामच कर्करोगाचे निश्चित कारण असलेल्या पहिल्या गटात घातले आहे. थिनरची वाफ हवेपेक्षा जड असते. ती वर जात नाही, जमिनीलगत पसरते. दहा बाय बाराच्या खोलीत एका कोपऱ्यात थिनरचा कॅन उघडा आणि दुसऱ्या कोपऱ्यात शेगडी पेटलेली असेल, तर आग कॅनपासून लागत नाही, ती शेगडीपासून जमिनीवरून धावत कॅनकडे येते. आणि जमिनीवर कोण असते? रांगणारे मूल.

दुसरे विष शिशाचे. घरगुती आणि सजावटीच्या रंगात शिसे दहा लाख भागांत ९० भागांपेक्षा जास्त असू नये, असा नियम भारत सरकारने २०१६ साली केला आणि तो १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. पण हा नियम घरगुती रंगाचा आहे. कारखान्यात लोखंडाला, यंत्रांना लावायच्या रंगांना तो लागू नाही. तिथे पिवळ्या, नारिंगी छटेसाठी शिसे आणि क्रोमियम असलेले रंगद्रव्य असू शकते. असा वाळलेला रंग तारेच्या ब्रशने खरवडला की बारीक धूळ उडते. ती नाकात जाते, नखांत बसते, साडीच्या पदरावर, शर्टाच्या बाहीवर बसून घरी येते. डबा विस्तवावर धरून रंग जाळला तर शिसे धुरातून जाते. तेही वाईटच.

शिशाची अशी कोणतीही पातळी नाही की जिच्यापर्यंत ते सुरक्षित आहे म्हणता येईल. हे जागतिक आरोग्य संघटनेने स्पष्ट सांगितले आहे. मोठ्या माणसाच्या पोटात गेलेल्या शिशापैकी जेवढे रक्तात शोषले जाते, त्याच्या चार ते पाच पट लहान मुलाच्या अंगात शोषले जाते. मुलाची बुद्धी, लक्ष, वाढ यांवर ते घाव घालते आणि झालेले नुकसान भरून येत नाही. युनिसेफने २०२० साली प्रसिद्ध केलेल्या अहवालात म्हटले आहे की जगातल्या दर तीन मुलांपैकी एका मुलाच्या रक्तात चिंता करण्याएवढे शिसे आहे. शिसे हाडांतही साठते. बाई गरोदर राहिली की हाडांतले ते शिसे रक्तात उतरते आणि पोटातल्या बाळापर्यंत पोहोचते. म्हणजे आईने लग्नाआधी डबे खरवडले असतील तर त्याची किंमत पुढे बाळ मोजते.

शिक्षणावर आपल्या समाजाचा भरवसा आहे. उपाशी राहून मुलांना शाळेत घालणारे आईबाप आपल्या घराघरांत झाले. त्याच मुलाची आकलनशक्ती अक्षर गिरवायच्या आधीच धुळीने खाल्ली, तर ती हानी कोणत्या शिकवणीने भरून निघणार?

तिसरे विष दोन डब्यांच्या रंगाचे. मोटारीच्या चकचकीत रंगात हार्डनर मिसळतात. त्यातल्या आयसोसायनेट नावाच्या द्रव्याने दमा जडतो. एकदा जडला की पुढे थोड्या वासानेही धाप लागते. त्या माणसाला तो धंदाच सोडावा लागतो.

दारातले पिंप

पाणी दिवसाआड येते, तासभर येते. पिंपाशिवाय भागत नाही, हे आम्हालाही कळते. पण रसायनाचे जुने पिंप पाण्यासाठी घेऊ नये. प्लास्टिक हे काचेसारखे नसते. थिनर, तेल, औषध प्लास्टिकच्या अंगात मुरते आणि साबण, सोडा, चिंच काहीही लावले तरी पूर्ण निघत नाही. पुढे उन्हात तापले की ते हळूहळू पाण्यात उतरते. वास गेला म्हणजे विष गेले असे नाही.

खाण्याच्या पदार्थांसाठी बनवलेले नवे पिंप महाग पडते, म्हणून चार घरांनी मिळून, बचत गटाने मिळून ते घाऊक आणावे. जुनेच घ्यावे लागले तर त्यात आधी खाण्याचा माल होता याची खात्री करावी. लेबल खरवडून काढलेले, कवटीचे किंवा ज्वाळेचे चित्र असलेले, आत रंगाचा डाग किंवा वास असलेले पिंप दारात आणू नये. रंगाची बादली फरशी पुसायला वापरा. तिच्यात पिण्याचे पाणी, पीठ, लोणचे, तांदूळ ठेवू नका.

ज्या घरात हे काम होते, त्यांनी आजपासून एवढे तरी पाळावे:

रंग कोरडा खरवडू नका. ओला करून खरवडला की धूळ कमी उडते. ती धूळ झाडूने झाडू नका, ओल्या फडक्याने टिपून घ्या. ते फडके घरच्या कपड्यांबरोबर धुऊ नका.

हात थिनरने धुऊ नका. थिनर कातडीतूनही आत जातो आणि कातडी फाडतो. आधी थोडे खाण्याचे तेल चोळा, मग साबण लावा. हात धुतल्याशिवाय भाकरीला, तंबाखूला, बाळाला हात लावू नका.

तोंडाला बांधलेला रुमाल धूळ थोडी अडवतो, थिनरची वाफ अजिबात अडवत नाही. त्यासाठी कोळशाच्या गाळणीचा मास्क लागतो आणि त्याची गाळणी वेळोवेळी बदलावी लागते. तो देणे मालकाचे काम आहे.

रिकामे दिसणारे पिंप गॅस कटरने कापू नका. आतली वाफ स्फोटासारखी पेटते.

कामाचे कपडे दाराबाहेर बदला. मूल त्या कपड्यांना बिलगू नये.

मुलाने चुकून थिनर प्यायला तर त्याला ओकारी करायला लावू नका. ओकताना थिनर फुप्फुसात जातो आणि तिथे जास्त घातक ठरतो. कॅन बरोबर घेऊन थेट दवाखाना गाठा.

अंगात लोह आणि कॅल्शियम कमी असेल तर शिसे जास्त शोषले जाते. म्हणून मुलांच्या ताटात नाचणी, पालेभाजी, डाळ असावी आणि वर लिंबू पिळावे. पण पालेभाजी हा शिशावरचा उतारा नव्हे, हेही ध्यानात ठेवावे. दवाखान्यात गेल्यावर डॉक्टरांनी विचारले नाही तरी आपण काम काय करतो ते स्वतःहून सांगावे. पोटात कळ, अंगात रक्त कमी, हातपाय बधिर, मूल चिडचिडे आणि अभ्यासात मागे, या तक्रारींमागे शिसे असू शकते, आणि ते रक्ताची वेगळी तपासणी केल्याशिवाय कळत नाही.

कायदा आपल्या बाजूने आहे

कुणी म्हणेल, भंगार घेणाऱ्यानेच काळजी घ्यावी. कायदा तसे म्हणत नाही. घातक कचऱ्याबाबतचे केंद्र सरकारचे २०१६ चे नियम आहेत. त्यांच्या पहिल्या परिशिष्टात रंग बनवताना आणि कारखान्यात वापरताना निघणारा गाळ आणि वापरलेला थिनर २१ व्या क्रमांकावर नोंदलेला आहे. घातक रसायनाने माखलेली रिकामी पिंपे आणि डबे ३३ व्या क्रमांकावर आहेत. म्हणजे ज्याला आपण भंगार म्हणतो, त्याला सरकार घातक कचरा म्हणते.

हा कचरा ज्या कारखान्यात निघतो, त्याचीच पहिली जबाबदारी असते. त्याने तो साधारणपणे ९० दिवसांपेक्षा जास्त साठवू नये, त्यावर लेबल लावावे, आणि परवानगी असलेल्या पुनर्वापर कारखान्याला किंवा विल्हेवाट केंद्रालाच द्यावा. गाडीबरोबर त्याची कागदपत्रे असावी लागतात. आपल्या राज्यात तळोजा, रांजणगाव, बुटीबोरी येथे अशी सामूहिक केंद्रे आहेत. हा कचरा नीट न हाताळल्यामुळे कुणाचे नुकसान झाले तर भरपाईची जबाबदारीही याच नियमांनी ठरवली आहे. रात्रीच्या टेम्पोतून कागदाशिवाय आलेली पिंपे म्हणजे कुणीतरी आपला खर्च वाचवला आणि तो आपल्या अंगावर टाकला, असा त्याचा सरळ अर्थ आहे. अशी गाडी वस्तीत आली तर तिचा नंबर, दिवस आणि वेळ लिहून ठेवा आणि महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या कार्यालयात लेखी तक्रार द्या. एकट्याने देऊ नका. दहा घरांच्या सह्यांनी द्या आणि पोच घ्या.

काम बंद करा म्हणणाऱ्यांना

वस्तीतले हे धंदे बंद पाडावेत, असे शहरातले बरेच लोक म्हणतात. त्यांच्याशी आमचा वाद आहे. धारावीच्या तेरा कंपाउंडसारख्या ठिकाणी हजारो हात शहराचा टाकलेला माल पुन्हा कामाला लावतात. ते हात थांबले तर तो माल पुरला जाईल, जाळला जाईल आणि घरात चूल पेटणार नाही. पोलीस घालून धंदा बंद केला तर तो आणखी आतल्या गल्लीत, आणखी बंद खोलीत जाईल. तिथे वारा आणखी कमी असेल.

आपल्यातल्याही काही जणांशी आमचा वाद आहे. ते म्हणतात, पोटासाठी थोडे विष घ्यावेच लागते. हे आम्ही मानत नाही. घाण उपसायचे काम आपल्या वाडवडिलांच्या माथी जन्माने मारले गेले होते. आज त्याच कामाला भंगार हे नवे नाव मिळाले, पण नफा वर आणि विष खाली ही वाटणी तशीच राहिली. ती नशिबाने आलेली नाही, माणसांनी केलेली आहे. म्हणून ती मोडता येते. बाबासाहेब व्हाईसरॉयच्या मंडळात मजूर खाते सांभाळत असताना कारखान्यातला कामाचा आठवडा ५४ तासांवरून ४८ तासांवर आणण्याचे विधेयक पुढे आले आणि १९४६ साली मंजूर झाले. ते सहा तास मालकांच्या दयेने मिळालेले नाहीत. कायद्याने मिळाले.

पुण्याचे उदाहरण डोळ्यांसमोर ठेवावे. कचरा वेचणाऱ्या बायांनी १९९३ साली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही आपली संघटना उभी केली. त्यातूनच पुढे ‘स्वच्छ’ ही त्यांची सहकारी संस्था झाली आणि २००८ साली महानगरपालिकेशी तिचा करार झाला. उकिरड्यावर कुत्र्यांशी झगडणाऱ्या बाया ओळखपत्र घेऊन दारोदार कचरा गोळा करू लागल्या. त्यांचा कचरा घरगुती आहे, आपला रासायनिक. तो हाताने निवडायचा नाही, त्याला यंत्रच लागते. पण काम तेच आणि मालकी कामगारांची, ही वाट आपल्यालाही खुली आहे.

म्हणून आमची मागणी अशी. प्रत्येक मोठ्या औद्योगिक वसाहतीत डबे-पिंपे धुण्याचे आणि थिनर गाळण्याचे एक सामायिक केंद्र असावे. त्याचा खर्च कचरा काढणाऱ्या कारखान्यांनी उचलावा. आज हे काम करणाऱ्यांनाच तिथे प्रशिक्षण देऊन पहिल्यांदा घ्यावे, त्यांच्या सहकारी संस्थेला ते चालवायला द्यावे. रंगाच्या गाळाच्या आणि वापरलेल्या द्रावकाच्या पुनर्वापरासाठी केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने कार्यपद्धती आखून दिलेल्या आहेतच, त्या तिथे पाळाव्यात. दहा किंवा अधिक कामगार असलेल्या कारखान्याला राज्य कर्मचारी विम्याची योजना लागू होते, ती इथे कागदावर न राहता खरोखर मिळावी. कामगारांची आणि वस्तीतल्या लहान मुलांची शिशाची तपासणी वर्षातून एकदा सरकारी दवाखान्यात मोफत व्हावी.

यातली पहिली पायरी विहारातल्या रविवारच्या बैठकीत चढता येते. आपल्या गल्लीत किती घरांत डबे खरवडले जातात, किती घरांत थिनर साठवला जातो, किती दारांत रसायनाची पिंपे आहेत, त्यांत किती लहान मुले राहतात, याची एका वहीत नोंद करा. कुणाचे नाव बदनाम करण्यासाठी नको, तपासणी कुणाची आधी करायची हे ठरवण्यासाठी. ती वही घेऊन आरोग्य केंद्रात जा, मग नगरसेवकाकडे, मग मंडळाच्या कार्यालयात. तोंडी तक्रारीला साहेब ‘बघू’ म्हणतो. आकडे लिहिलेल्या वहीला त्याला उत्तर द्यावे लागते.